‘हात जपून ठेव’ म्हणणाऱ्यांना

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला: ‘स्तनाचं ऑपरेशन झालं की बाईचं आयुष्य संपलं. स्तन राखला तर कॅन्सर परत येतोच. रोग स्पर्शाने पसरतो, वेगळं झोपावं. पुढे मूल नको. त्या हाताने जन्मभर दोन किलोच्या वर उचलू नये.’ पाठवणाऱ्या जाऊबाईंनी तो काळजीपोटीच पाठवलाय. माझं डाव्या बाजूचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली, म्हणून उत्तर मीच देते.

स्पर्शाने कॅन्सर पसरत नाही. किमोच्या वेळी माझ्या शेजारी बसणाऱ्या एका बाईंचं ताट-वाटी घरात वेगळं केलं होतं. सुई टोचताना त्या हूं की चूं करत नसत, पण ताटाचं सांगताना रडल्या.

‘परत येतोच’ हे खोटं आहे. इटलीत मिलानला १९७३ ते १९८० या काळात लहान गाठ असलेल्या ७०१ बायकांची पाहणी सुरू झाली. निम्म्यांचा स्तन पूर्ण काढला, निम्म्यांचा राखून रेडिएशन दिलं. २० वर्षांनी पाहिलं, तर जगण्यात फरक नव्हता. हो, राखलेल्या स्तनात ३० जणींना पुन्हा गाठ आली, पूर्ण काढलेल्यांपैकी ८ जणींना त्या जागी. हे लपवायचं कारण नाही. पण ३५२ पैकी ३० म्हणजे ‘येतोच’ नव्हे. सगळ्यांचाच स्तन राखता येतो असंही नाही. ते गाठ बघून ठरतं.

मुलाचं म्हणाल, तर २०२३ साली ५१६ तरुण बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनाचा कॅन्सर परतू नये म्हणून हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या देतात, त्या त्यांनी दिवस राहावेत म्हणून थांबवल्या होत्या. पहिल्या काही वर्षांत तरी त्यांच्यात कॅन्सर परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. गोळ्या कधी थांबवायच्या ते मात्र डॉक्टरांशी बोलूनच.

आता हात. सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसीका ग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या की काहींचा हात सुजतो, ही भीती खरी आहे. पण हात नुसता जपून ठेवला तर खांदा आखडतो. मला फिजिओथेरपिस्टने बोटांनी भिंत चढायला शिकवलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर रोज पोचेन तिथे पेन्सिलची रेघ मारायची. पहिली रेघ ओट्याच्या जरा वर होती. अडीच महिन्यांनी वरच्या फळीवरचा पिठाचा डबा मी स्वतः काढला. ती भिंत अजून रंगवू दिलेली नाही.

वजनाचंही तपासून झालंय. २००९ साली अमेरिकेत आधीच हात सुजलेल्या १४१ बायकांवर अभ्यास झाला. निम्म्यांना देखरेखीखाली हळूहळू वाढवत वजन उचलायला लावलं. त्यांच्यात सूज बळावण्याचं प्रमाण १४ टक्के, न उचलणाऱ्यांत २९. उद्याच पाण्याची कळशी उचला असं मी म्हणत नाही. थोड्यापासून, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली.

त्रास उरतोच. दंडाची आतली बाजू अजून बधिर आहे, गोळ्यांनी सांधे धरतात, रात्री अंगातून वाफा निघतात. मेसेजमध्ये यातलं काहीच नव्हतं, आणि सांगायला हवं होतं ते हेच. सुजेची पहिली खूण बहुतेकदा घट्ट झालेल्या अंगठीत किंवा बांगडीत दिसते. मी रोज सकाळी डाव्या हातातली बांगडी फिरवून बघते. आज सहज फिरली.