‘विषय काढू नका, डोक्यात भरतं’ : निकालाच्या दिवसांत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

दहावी-बारावीचे निकाल जवळ आले की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. भाऊबंदांच्या ग्रुपवर येतो, शिक्षकांच्या ग्रुपवरही येतो. शब्द थोडे इकडे-तिकडे होतात, मुद्दे तेच असतात. आमच्या काळी मास्तर छडीनं फोडून काढायचे, तरी कुणी जीव दिला नाही. आताची पोरं नाजूक. शाळेत आत्महत्येचा विषय काढला की पोरांच्या डोक्यात तेच भरतं. जो बोलून दाखवतो तो करत नाही, आणि ज्याला करायचंच आहे त्याला ब्रह्मदेवही अडवू शकत नाही. समुपदेशन हा शहरातल्या लोकांचा धंदा, गोळ्या सुरू झाल्या की जन्मभराच्या. घरातली गोष्ट घरातच ठेवा, नाहीतर पोलीस केस होते.

मी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. हा मेसेज पुढे ढकलणारी माणसं वाईट नसतात. बहुतेक जण कुणाचे तरी बाप, काका, मामा असतात आणि मनातून घाबरलेले असतात. पण यातली प्रत्येक ओळ घरातल्यांना गप्प बसायला लावते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळ्यात घातक मुद्दा आधी : विषय काढला की डोक्यात भरतं. हे तपासलं गेलं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांवरचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. विचारलेल्यांच्या मनात तसे विचार वाढले नाहीत. उलट, जी मुलं आधीच नैराश्यात होती किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांची घालमेल प्रश्न विचारल्यावर कमी दिसली. पुढे २०१५ मध्ये युरोपातल्या दहा देशांतल्या १६८ शाळा आणि अकरा हजारांवर मुलांवरचा मोठा अभ्यास आला. त्यात मुलांच्या एका गटाला चार आठवड्यांत मिळून पाच तास दिले होते : थोडी माहिती, आणि बराचसा वेळ प्रसंग उभे करून त्यावर बोलणं. भांडण झालं, प्रेम तुटलं, नापास झालो, मित्र विचित्र वागतोय, तर काय करायचं? वर्षभरानंतर पाहिलं तेव्हा काहीच विशेष न मिळालेल्या गटात प्रयत्न करणाऱ्या मुलांचं प्रमाण १.५१ टक्के होतं, या गटात ०.७० टक्के. म्हणजे विषय काढल्यावर प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

मुलांच्या डोक्यात खरोखर भरतं ते वेगळ्याच वाटेनं. गावातल्या मुलाचा फोटो, त्यानं काय केलं, कसं केलं, चिठ्ठीत काय लिहिलं, हे सगळं तासाभरात मोबाईलवर फिरतं. असं तपशीलवार आणि रंगवून सांगणं कच्च्या मनाला धोक्याचं असतं, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं पत्रकारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ज्या ग्रुपवर ‘विषय काढू नका’ हा मेसेज येतो, त्याच ग्रुपवर ते फोटोही येतात. थांबवायचे असतील तर ते थांबवा.

बोलतो तो करत नाही, हे तर सरळ चूक आहे. जीव देणाऱ्यांपैकी अनेकांनी आधी कुणाला तरी काहीतरी सांगितलेलं असतं. ‘मी नसलो तर तुमचा खर्च तरी वाचेल’ असं पोरगा जेवताना म्हणाला, तर हातातली भाकरी बाजूला ठेवून विचारायचं : तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का? याच शब्दांत. आडून-आडून विचारलं तर तोही आडूनच उत्तर देतो.

‘ज्याला करायचंच आहे’ या वाक्यावर जरा थांबतो, कारण समजूतदार माणसंही यावर मान डोलवतात. चेन्नई, कोलंबो आणि ब्राझील, इराण, चीन या देशांतल्या एकेका ठिकाणी मिळून एक प्रयोग झाला. प्रयत्नातून वाचून दवाखान्यात आलेली १,८६७ माणसं त्यात होती. अर्ध्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याशिवाय तासभर नीट बसून बोलणं, आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. कसा आहेस, काय चाललंय, कुठे अडलंय, एवढंच. दीड वर्षानं पहिल्या गटातले २.२ टक्के लोक आत्महत्येनं गेले होते, दुसऱ्या गटातले ०.२ टक्के. महागडं यंत्र नव्हतं, नवं औषध नव्हतं. कुणीतरी पुन्हा विचारायला येत होतं. ‘करणारच’ असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जातं, तीच ही माणसं होती.

याचं कारण असं की टोकाची वेळ कायम राहत नाही. ती चढते आणि उतरते, कधी काही तासांत, कधी त्याहूनही लवकर. ती उतरेपर्यंत जिवाला धोका होईल असं काही हाताशी नसणं फार मोलाचं असतं. श्रीलंकेनं सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण साधारण सत्तर टक्क्यांनी खाली आलं. कपाशीच्या आपल्या पट्ट्यात फवारणीचं औषध घरात पडवीत, धान्याच्या कोठीशेजारी ठेवलेलं असतं. ते कुलपात ठेवा. घरात कुणाची मनःस्थिती बिघडलेली असेल तर घरात ठेवूच नका, चुलतभावाकडे द्या. किल्ली मोठ्या माणसाच्या कनवटीला असू द्या.

समुपदेशक मुलाबरोबर बसून जो सुरक्षेचा कागद तयार करतात, त्यातही हीच पायरी असते. बाकीच्या पायऱ्याही साध्या आहेत. माझी वेळ वाईट येतेय हे मला कशावरून कळतं? तेव्हा मी एकटा काय करू शकतो? कुठे जाऊन बसलो की मन दुसरीकडे लागतं? कुणाला सांगू शकतो? डॉक्टर किंवा हेल्पलाईनचा नंबर काय? उत्तरं मुलाच्याच शब्दांत लिहायची. जळगावच्या अभ्यासिकेत एमपीएससीची तिसरी खेप करणारा मुलगा कदाचित लिहील, ‘जेवण सुटतं, घरचा फोन उचलत नाही’. कुणाला सांगू, यापुढे बापाचं नाव नसेलही, मामाचं असेल. ते चालतं.

‘आमच्या काळी’चं उत्तर थोडक्यात. तेव्हाही होत होतं. अपघात म्हणून दडपलं जायचं. आजही सगळं कागदावर येत नाही. २०१० साली सरकारी नोंदीत सुमारे १ लाख ३५ हजार आत्महत्या होत्या, तर घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणं शोधणाऱ्या अभ्यासाचा त्याच वर्षाचा अंदाज १ लाख ८७ हजारांचा होता. त्या अंदाजात स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त १५ ते २९ वयाच्या होत्या. यातल्या कितीतरी जणी लग्न होऊन सासरी गेलेल्या असतील, ज्यांना माहेरी फोन करायलाही परवानगी लागते. त्यांना नाजूक म्हणणं मला अन्याय वाटतो.

धंद्याबद्दल : मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलण्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतात. गोळ्या प्रत्येकाला लागत नाहीत. पहिल्यांदाच नैराश्य आलेल्याला लागल्या, तर बरं वाटू लागल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभर चालवून डॉक्टर हळूहळू कमी करतात. तरुणांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त लक्ष ठेवावं लागतं, म्हणून तेव्हा तपासणीला चुकवू नये आणि गोळ्या मनानं बंद करू नयेत.

या मुद्द्यात एक तक्रार मात्र खरी आहे. बॅनर लावून पाहुण्याचं तासभर भाषण, फोटो, अहवाल; याला कार्यक्रम म्हणता येत नाही. बिहारमधल्या शाळांत एक प्रयोग झाला. तिथे मुलांशी बोलून त्यांना आधार देण्यासाठीच नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांमुळे मुलांच्या मनःस्थितीत फरक पडला. तेच काम शिक्षकांवर टाकलं तेव्हा पडला नाही. शिक्षक म्हणून हे मला पटतं : जो मार्क देतो त्याच्यापाशी मूल मोकळं होत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेतल्या मुलीला तर पावरी किंवा भिली बोली समजणारी ताई लागेल. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. पालकसभेत पंख्यांची आणि बाकांची मागणी होते, तशी याचीही करावी.

राहिली पोलीस केस. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधलं कलम ११५ सांगतं की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जाईल, तिच्यावर खटला नाही, आणि तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. दवाखान्यात नोंद होते, जबाब घेतला जातो, तेवढ्याला घाबरून कुणी पोराला घरीच झोपवून ठेवू नये. गाडी काढा, १०८ ला फोन करा, आणि रात्र कितीही झाली असली तरी त्याला एकटं सोडू नका.