हात बांधले ते कुणाचे?

'२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने घरच्यांचे हात बांधले' हे मानसिक आजारी माणसाला इस्पितळात दाखल करण्याविषयीच्या लेखातलं वाक्य मला खटकलं. आमचे हात अगदी मोकळे होते तेव्हा आम्ही काय केलं ते सांगते. मोठ्या भावाला मानसिक आजार होता; त्याला वर्षभर नकळत ताकातून औषधाचे थेंब दिले. त्याला कळलं त्या दिवसापासून तो घरात फक्त केळी खायचा, तीही स्वतः सोलून. मग 'देवाला जाऊ' म्हणून गाडीत बसवलं आणि थेट इस्पितळात. तेव्हा १९८७ चा कायदा होता. नातेवाइकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांची प्रमाणपत्रं, की ९० दिवसांपर्यंत आत. अर्जावर सही माझी. तो बरा होऊन आला, खरंय, पण आजही माझ्या हातचा चहा घेताना आधी कपात बघतो.

आणि नव्या कायद्यातही दाखल करता येतंच की! कलम ८९ खाली ३० दिवसांपर्यंत, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर यांनी वेगवेगळं तपासून. फक्त सात दिवसांत (बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन) इस्पितळाने मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं असतं. यात हात कुठे बांधले? लेखात राहिलं ते कलम १४: उपचारांचे निर्णय घ्यायला मदत करणारा आपला प्रतिनिधी माणूस स्वतः नेमू शकतो, साध्या कागदावर सही किंवा अंगठा पुरतो. भावाने बरा असताना तो कागद केला. नाव आत्याचं घातलं, माझं नाही. वाईट वाटलं, पण का ते विचारलं नाही.