पिस्टन नसलेली गाडी विकणे आहे

"मायलेज काय देते?" या प्रश्नाची मी तयारी करून ठेवली होती. पण पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "किती सिलिंडर?"

गाडी माझदा आरएक्स-७ ही स्पोर्ट्स कार, एफडी मॉडेल, थेट जपानहून आलेली. इंजिन रोटरी. म्हणजे सिलिंडर नाहीत, पिस्टन नाहीत, व्हॉल्व्हही नाहीत. त्यांच्या जागी दोन फुगीर त्रिकोण गरागरा फिरतात. हे सांगितल्यावर माणूस बॉनेटखाली असा डोकावतो, जणू रात्रीतून सगळे पिस्टन मीच काढून भंगारात घातलेत. मग "सीसी?" तेराशे आठ. चेहरा पडतो. याच असल्या इंजिनाच्या जातीने १९९१ साली ल मान्सची चोवीस तासांची मोटारशर्यत जिंकून दिली, हे मी सांगतो. तो टायर दाबून बघत असतो.

खरी परीक्षा पुढे असते. "इंजिन का खोललं?"

आता, मी ते बांधून घेतलंय. त्रिकोणाच्या टोकांवरची सील झिजतात, ती नवी घातली. बिलं आहेत, फोटो आहेत, कम्प्रेशनचे आकडे आहेत. पण फाइल जितकी जाड, तितका संशय दाट. न बांधता विकायला काढली असती, तर याच गृहस्थांनी "अजून बांधलं नाही?" म्हणून भाव पाडला असता.

"तेल खाते का?" खाते. खायलाच हवं. सीलना वंगण मिळावं म्हणून थोडं थोडं तेल आत सोडणारा पंप कंपनीनेच बसवलाय. हे उत्तर शंभर टक्के खरं आहे आणि शंभर टक्के थापेबाजाचं वाटतं.

ट्रायलची तर वेगळीच तऱ्हा. इंजिनात जादा हवा कोंबून जोर वाढवणारे दोन टर्बो आहेत; त्यातला दुसरा साधारण साडेचार हजार आरपीएमला जागा होतो. नवं बांधलेलं इंजिन रुळेपर्यंत चार हजारांच्या वर न्यायचं नाही, अशी मेकॅनिकची ताकीद. त्यामुळे ज्या धक्क्यासाठी जग ही गाडी घेतं, तो मी एकालाही दाखवू शकलो नाही. "वर गेल्यावर मजा आहे," एवढंच शेजारी बसून सांगत राहायचं.

एकाला नुसता आवाज ऐकायचा होता. मी बिलांची फाइल आणायला आत वळलो, तोवर त्याने थंड गाडी चालू केली आणि लगेच बंद केली. रोटरीला हे चालत नाही. प्लग पेट्रोलने भिजतात आणि मग कितीही सेल्फ मारा, नुसतं घुर्र, घुर्र. तो मान हलवत म्हणाला, "अच्छा, म्हणून विकताय होय!"

शेवटी एक जाणकार आला. सोबत टॉर्च. गाडीला हात न लावता वाकला आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांचं ते जंजाळ एकेक करून बघू लागला. माझा जीव भांड्यात पडला. चहा झाला, फोटो झाले, पुन्हा चहा झाला. मग टॉर्च बंद करून तो म्हणाला, "आभारी आहे. माझी अशीच गाडी खोलून पडलीय, कुठली नळी कुठे जाते तेच कळत नव्हतं. जोडली की विकूनच टाकणार. कोणी गिऱ्हाईक आहे का बघण्यात?"

आतापर्यंत येऊन गेलेल्या सगळ्यांचे नंबर मी त्याला देऊन टाकले.