‘मलेरियाच्या नावाखाली डीएनए चोरतात’ म्हणे!

माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त युगांडात कंपालाला असतो. मध्यंतरी त्याला सणकून ताप भरला, तरी हा पठ्ठ्या रक्त तपासून घ्यायला तयार होईना. कारण मावशीने घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज. तो तुमच्याकडेही आला असेलच: आफ्रिकेत मलेरियाच्या नावाखाली रक्ताचे थेंब गोळा करून परदेशी कंपन्या लोकांचा डीएनए पळवतात, तेव्हा ताप आला तरी बोटाला टोचू देऊ नका, मलेरिया साध्या किटवर कळतो, मग जीन सिक्वेन्सिंगचं (म्हणजे डीएनएची अक्षरं क्रमाने वाचण्याचं) थेर कशाला, औषधाला दाद न देणारा मलेरिया यांनीच प्रयोगशाळेतून सोडला, आणि कोट्यवधींच्या यंत्रांऐवजी गरिबांना मच्छरदाण्या द्या.

मावशीला फोनवर समजावून झालं. पण मेसेज अजून फिरतोच आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी सगळ्यात घातक मुद्दा. ताप आल्यावर बोटाला टोचतात ते निदानासाठी. थेंब किटवर पडतो, वरून द्रावण घालतात, पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते किंवा उमटत नाही आणि ते किट कचऱ्यात जातं. यात सिक्वेन्सिंग कुठेच नाही. संशोधनाचा नमुना वेगळा असतो आणि त्यासाठी संमती विचारतात. जाड फिल्टर पेपरवर दोन-तीन थेंब, ते पूर्ण वाळवायचे, कागदावर नंबर घालायचा आणि सिलिका जेलच्या पुडीसह छोट्या पिशवीत बंद करायचा. त्याला खुशाल नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे. पण त्या भीतीने निदानच टाळायचं? फाल्सिपॅरम हा मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार चोवीस तासांत जिवावर उठू शकतो. मेसेज लिहिणाऱ्याला याची फिकीर असावी असं दिसत नाही.

त्या कागदावर माणसाचा डीएनए असतो का? असतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींतून येतो आणि संशोधकांच्या डोक्याला तापच होतो, कारण त्यांना हवा असतो परजीवी, म्हणजे मलेरियाचा जंतू. फाल्सिपॅरमचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, सुमारे 2.3 कोटी अक्षरांचा, माणसाचा 300 कोटींहून मोठा. म्हणून बऱ्याचदा पीसीआरने (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या तंत्राने) परजीवीची ठरावीक जनुकंच वाढवून तेवढीच वाचतात. पूर्ण जीनोम वाचायचा झाला तर माणसाचे तुकडे वेगळे काढतात. मलेरियाजेन या प्रकल्पाने 2023 मध्ये 33 देशांतल्या 20,864 नमुन्यांची माहिती जगाला खुली केली. ती परजीवीची, तीही फुकट. चोरीचा माल असा कोणी वाटत बसतं का?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. नमुने वर्षानुवर्षं परदेशात जात होते, आजही जातात. ऊन-पावसात रक्त गोळा करणारे आफ्रिकेतले, शोधनिबंधावर मोठं नाव परक्याचं, ही तक्रार रास्त आहे. ज्याचं रक्त घेतलं त्या रुग्णाला त्यातून थेट काही मिळत नाही, हेही खरं. पण मग उपाय काय? हे काम तिथल्या तिथे व्हायला हवं. घानात ते झालंही. तळहातावर मावणारं, डीएनए वाचणारं नॅनोपोर यंत्र लॅपटॉपला जोडून अक्रा आणि नव्रोंगोच्या प्रयोगशाळांत परजीवी वाचले गेले. 2023 मध्ये ते प्रसिद्ध झालं. रसायनं अजून बाहेरून मागवावी लागतात आणि थंड ठेवावी लागतात, ही कटकट आहेच. पण कोट्यवधींच्या यंत्राचा मुद्दा शिळा झाला.

आता ‘किटवर कळतं’. नेहमीची किटं परजीवीचं एचआरपी2 नावाचं प्रथिन शोधतात. परजीवीने ते जनुकच गमावलं तर? एरिट्रियात नेमकं हेच झालं. सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी दिसत होते आणि किट मात्र मलेरिया नाही म्हणत होतं. जनुकं तपासली तेव्हा घिंदाच्या रुग्णालयात 26 पैकी 21 आणि मसावात 24 पैकी 10 रुग्णांच्या परजीवीत हे जनुक नव्हतं. आकडे छोटे आहेत, आणि हे काम मुख्यतः पीसीआरचं, पूर्ण सिक्वेन्सिंगचं नव्हे, हे सांगून टाकतो. पण 2016 मध्ये त्या देशाने किटच बदललं. एरिट्रिया काही श्रीमंत देश नाही. जनुकं कोणी तपासलीच नसती, तर अंगात मलेरिया असलेली माणसं ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी जात राहिली असती.

प्रयोगशाळेतून सोडल्याची कथा तर मेसेजवाल्यांच्याच अंगलट येते. रवांडात मसाका इथे 257 पैकी 19 नमुन्यांत आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या मुख्य औषधाला परजीवी दाद देईनासा करणारा, केल्च13 जनुकातला बदल सापडला. तोच बदल आग्नेय आशियातही आढळला होता, त्यामुळे तिकडून आला असेल अशी शंका होती. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आजूबाजूचा जीनोम वाचला, तेव्हा हे परजीवी रवांडातलेच निघाले. बदल तिथेच, आपोआप झालेला. ज्या तंत्राला शिव्या घालताय, त्यानेच ‘यांनी बाहेरून आणून सोडला’ हा आरोप खोडला.

राहिल्या मच्छरदाण्या. द्या की, कोण नको म्हणतंय! पण मुंबईच्या टाक्यांत वाढणारा, मलेरिया पसरवणारा आपला ॲनोफिलिस स्टीफेन्सी डास 2012 मध्ये जिबूतीत आणि 2016 मध्ये इथिओपियात सापडला. इथिओपियात त्याची ओळख पक्की केली ती डीएनए वाचूनच. हा शहरी डास, साठवलेल्या पाण्यात वाढणारा. त्याच्यासाठी मच्छरदाणीच्या जोडीला टाक्यांवर झाकणं लागतात, आणि ती कुठल्या गावात आधी बसवायची हे ठरवायला डास कोणता ते आधी कळावं लागतं.