‘आजोबांच्या कोटाची किंमत शून्य केली’ : तुमच्या अभिप्रायाला माझं उत्तर

नमस्कार.

तुमचा एक तारा आणि त्याखालचा मजकूर दोनदा वाचला. तक्रार थोडक्यात अशी : आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले, तिथून जर्मन सैनिकाचा कोट घेऊन आले. जर्मनीतल्या माझ्या दुकानात आम्ही तो तपासायला ३५ युरो घेतले, दहा दिवस सांगून सव्वीस लावले आणि शेवटी ‘पूर्व जर्मन, किंमत नगण्य’ एवढंच कळवलं. शिवाय न विचारता दोरा उसवला आणि फोटोत कोटावरच्या गरुडावर, म्हणजे पंजात स्वस्तिक धरलेल्या नाझी काळातल्या बिल्ल्यावर, काळी पट्टी चिकटवली. ‘मालक सोलापूरचा आहे म्हणून भरवसा ठेवला’ असंही तुम्ही लिहिलंय. ते वाक्य लागलं, म्हणून मराठीत आणि जरा सविस्तर लिहितोय.

आधी आमचं काय चुकलं ते. सव्वीस दिवस लागले, खरंय, आणि मधे एकदाही तुम्हाला कळवलं नाही. दोरा काढायची परवानगी फॉर्मवर आहे, पण जर्मनमध्ये, बारीक अक्षरात. काउंटरवर आपण मराठीत गप्पा मारत होतो, तेव्हाच तोंडी विचारायला हवं होतं. आणि ती एक ओळ. घरच्या माणसाची आठवण म्हणून आणलेल्या वस्तूबद्दल असं कोणी कळवत नाही. मी कळवलं. माफ करा. अर्धी फी आज परत पाठवली आहे.

निष्कर्ष मात्र बदलत नाही. तो का बदलत नाही, हे त्या मेलमध्ये लिहायचं राहिलं ते आता लिहितो.

आमच्या घरी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवायचं काम होतं. मी कोट हातात घेतला की बिल्ले नंतर बघतो, आधी उलटा करतो. बाहेरची बाजू कोणीही सजवतो, आतली सहसा कोणी बदलत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पायदळाच्या कोटात, म्हणजे फेल्डब्लूझमध्ये, आत शिक्क्याने पाच आकडे मारलेले असतात : वर पाठीची उंची आणि गळा, मधे छाती, खाली पूर्ण लांबी आणि बाही. सोबत भांडाराचं अक्षर आणि साल : बी म्हणजे बर्लिन, एम म्हणजे म्युनिक, ई म्हणजे एरफुर्ट. पुढे बनवणाऱ्याच्या नावाऐवजी शून्याने सुरू होणारा कारखान्याचा क्रमांक येऊ लागला. तुमच्या कोटात पुसट झालेला एकच शिक्का आहे : ‘एम ४८’. हा एम म्युनिकचा नाही, ‘मिटेल’चा आहे, म्हणजे मध्यम उंची, माप ४८. अशी मापं पूर्व जर्मनीच्या सेनेची, नॅशनाले फोल्क्सआर्मेची. ती सेना स्थापन झाली १ मार्च १९५६ ला.

शिक्का पुसट आहे म्हणून तुम्ही शंका घ्याल. मग शिवण बघा. पट्ट्याचं ओझं पेलायला युद्धकाळातल्या बहुतेक कोटांच्या कमरेशी हुकांसाठी काजासारखी गोल भोकं विणलेली असतात, आणि पुढच्या उजव्या भागाच्या आत, खालच्या कोपऱ्यात, जखमेच्या पट्टीसाठी छोटा खिसा असतो. तुमच्या कोटाला यातलं काहीच नाही, आणि काढून टाकल्याची खूणही नाही. अस्तराच्या शिवणीतला दोन इंच दोरा पेटवला (हाच तो दोरा), तर सुतासारखी राख झाली नाही, वितळून कडक गोळी झाली. दोरा एकटा पुरावा नव्हे हे मान्य, कारण पर्लॉन, म्हणजे नायलॉनसारखा कृत्रिम धागा, जर्मनीत १९३८ सालीच तयार झाला होता. पण वरच्या सगळ्याशी तो जुळतो.

‘दिसायला अगदी सिनेमातल्यासारखा आहे’ हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पश्चिम जर्मनीच्या नव्या सेनेचा पोशाख सुरुवातीला अमेरिकन वळणाचा होता. पूर्वेकडे मात्र जुना जर्मन घाट बराचसा ठेवला : चार खिसे, कॉलरवर दुहेरी पट्टे, खांद्याच्या पट्टीला शाखेच्या रंगाची किनार. पायदळाची किनार युद्धकाळातही पांढरी आणि पूर्व जर्मनीतही पांढरी. २ ऑक्टोबर १९९० ला ती सेना विसर्जित झाली आणि तिचे कपडे स्वस्तात जगभर गेले. सिनेमावाल्यांनी घेतले, नाटकवाल्यांनी घेतले, आणि काही जणांनी त्यावर गरुड शिवून ‘वेहरमाख्टचा (हिटलरच्या काळातल्या जर्मन सैन्याचा) अस्सल कोट’ म्हणून विकले. माझं दुकान लाइपझिगमध्ये, म्हणजे जुन्या पूर्व जर्मनीतच आहे. असे कोट माझ्याकडे महिन्यातून दोन-तीन येतात.

तुमच्या कोटावरचा गरुड असाच मागाहून लावलेला आहे. उजव्या खिशाच्या वर, जागा अचूक. पण त्याचे टाके अस्तरातून आरपार गेलेत आणि दोरा अतिनील टॉर्चखाली निळा-पांढरा चमकतो. तुम्ही लिहिलंय की घरी टॉर्च मारून बघितली, कोट चमकला नाही, म्हणजे अस्सल. कोटाचं कापड खरंच चमकत नाही, ते जुनंच आहे, फक्त तुम्हाला वाटतं तेवढं जुनं नाही. या टॉर्चवर लोकांचा फार विश्वास. चमक येते ती कापड उजळवणाऱ्या रसायनांमुळे, जी युद्धानंतर सर्रास वापरात आली. आजच्या पावडरीत एकदा धुतलं तर अस्सल कोटही चमकतो, आणि न धुतलेला नकली गप्प बसतो.

काळ्या पट्टीचं कारण कायद्यात आहे. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६ अ नुसार नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवणं गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. संशोधन, शिक्षण, इतिहास यांना सूट आहे, पण दुकानदाराने त्या सुटीवर विसंबून चालत नाही. एसएस (नाझींचं सशस्त्र दल) आणि नाझी पक्षाच्या वस्तू तर मी हातातच घेत नाही, कितीही पैसे दिले तरी. दिवाळीला दुकानाच्या दारात रांगोळी काढतो, तीसुद्धा बिनस्वस्तिकाची. आईला ते अजून पटत नाही.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते. अहवालाचं तिसरं पान तुम्ही उघडलेलं दिसत नाही. दोष माझाच, मेलमधल्या त्या ओळीनंतर कोण पानं उलटणार?

कोटाच्या खिशात तुम्ही एक चुरगळलेली टोपी कोंबली होती. ‘ही पण असू दे’ म्हणालात आणि पुढे तिचा विषयच निघाला नाही. ती टोपी अस्सल आहे. १९४३ मध्ये आलेली जर्मन सैनिकांची टोपी, आइनहाइट्सफेल्डम्यूत्से : पुढे कापडाचीच झाप, कानांवर ओढायची घडी, समोर दोन बटणं. आत राखाडी अस्तर, माप ५७, आणि शून्याने सुरू होणारा कारखान्याचा क्रमांक, शेवटचे दोन आकडे घामाने गेलेले. समोरचं चिन्ह कोणीतरी कधीच उसवून नेलंय. पण ते होतं तिथे कापड कमी विटलंय, वर रुंद आणि खाली निमुळता असा त्याचा आकार अजून दिसतो, कडेने सुईची भोकं आहेत. त्यांत अडकलेले दोऱ्याचे तुकडे टॉर्चखाली चमकले नाहीत.

आणि डाव्या बाजूला अस्तर फाटलं होतं, ते कोणीतरी जाड सुती दोऱ्याने धावदोरा घालून शिवलंय. मी इतकी वर्षं जर्मन डागडुजी बघतोय. हे टाके जर्मन नाहीत. गोधडीला घालतात तसे आहेत, लांब, एका दमात घातलेले. आजीला, किंवा घरातल्या मोठ्या कोणाला, विचारून बघा.

मराठा पलटणी इटलीत होत्या, ही काही सांगोवांगी नव्हे. यशवंत घाडगेंना १० जुलै १९४४ च्या टायबर खोऱ्यातल्या लढाईसाठी, नामदेव जाधवांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनियो नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समोर जर्मन सैन्य होतं आणि त्या काळात त्यांच्या डोक्यावर याच टोप्या होत्या. आजोबांनी इटलीतून काही आणलं असेल, तर ते तुमच्या घरात आहे. कोट त्याच्या शेजारी कधी येऊन बसला, हे घरच्यांनाच माहीत. पेटीतल्या वस्तू एकमेकींच्या गोष्टी उसन्या घेतात, हे आम्ही नेहमी बघतो.

टोपी धुऊ नका, ड्रायक्लीनिंगलाही देऊ नका. डांबराच्या गोळ्यांपासून लांब, आत पांढरा कागद चुरगाळून भरून, अंधारात ठेवा. आजीचे टाके काढून ‘मूळ रूपात’ आणतो असं कोणी म्हणालं तर देऊ नका. विकायची असेल तर दुसरीकडे दाखवा, मी घेणार नाही.

शनिवारी अकरानंतर मी दुकानात असतो. आलात तर कोटाच्या आतला शिक्का तिरप्या उजेडात दाखवतो, नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. तारे तुम्हाला वाटतील तेवढेच राहू द्या.