उसातली 'विषारी गोगलगाय': मेसेज तपासून बघू

पाऊस सुरू झाला की सातारा-सांगलीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: "उसात नवी विषारी गोगलगाय आलीय. डंख मारला की सिगारेट संपायच्या आत माणूस जातो. जाड टोकाला धरा, काही होत नाही. डंख झालाच तर कापून रक्त काढा." सोबत फोटो असतो जिऑग्राफी कोन या समुद्री गोगलगायीचा. फोटो खरा; मजकूर मात्र जिवावर बेतणारा.

उसात ती येणारच नाही. ती कल्ल्यांनी श्वास घेते आणि खाऱ्या पाण्यातच जगते. आपल्याकडे लक्षद्वीप, अंदमानच्या प्रवाळात. रानात दिसते ती बहुधा आफ्रिकन गोगलगाय. ती पानं खरवडते, तिला विष नसतं. पण तिच्यात मेंदूला सूज आणणारे जंत असू शकतात, म्हणून हातमोजे घालूनच वेचा. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट बांधावर टाका, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाका.

"जाड टोकाला धरा" हा सल्ला सर्वात घातक. कोनचा दात इंजेक्शनच्या सुईसारखा पोकळ, टोकाला काटेरी. तो लांब सोंडेतून झटक्यात सुटतो, आणि सोंड निमुळत्या टोकातून निघून मागे वळते. कापड, पातळ हातमोजे यांतूनही दात जातो. एक दात वापरला तरी पिशवीत दुसरे तयार असतात. जिवंत कोन कुठूनच धरू नये, खिशात तर मुळीच टाकू नये.

सिगारेटची गोष्ट अतिशयोक्ती आहे. मृत्यू श्वासाचे स्नायू लुळे पडल्याने होतो, आणि त्याला बहुतेकदा काही तास लागतात. म्हणजे उपचाराला वेळ मिळतो. दुखत नाही म्हणून लोक तो वाया घालवतात. या जातीच्या डंखाला कित्येकदा फारशा वेदना होत नाहीत.

कापणं, चोखणं, दोरीने आवळणं, सगळं चूक. बोटांपासून खांद्यापर्यंत क्रेप बँडेज गुंडाळा, मुरगळल्यावर बांधतो तितकंच घट्ट. फळी लावून हात हलू देऊ नका, रुग्णाला चालवू नका. प्रतिविष अस्तित्वातच नाही. विष उतरेपर्यंत व्हेंटिलेटरने श्वास चालू ठेवणं हाच उपचार. श्वास थांबला तर वाटेतच तोंडाने द्या.

"शंख उगाळून लावा, सांधे मोकळे होतात" हीही थाप. 2004 साली अमेरिकेत मंजूर झालेलं झिकोनोटाइड हे वेदनाशामक औषध कोनच्या दुसऱ्या जातीच्या विषातल्या रेणूवरून प्रयोगशाळेत बनवतात, आणि पंपाने मणक्यातल्या द्रवात सोडतात.

गुहागर किंवा गणपतीपुळ्याला समुद्रात कशाचाही डंख झाला आणि हात बधिर व्हायला लागला, तर कुंभार्ली किंवा आंबा घाट चढून घर गाठायच्या नादी लागू नका. 108 ला फोन करा आणि चिपळूण, रत्नागिरीतलं व्हेंटिलेटर असलेलं जवळचं रुग्णालय गाठा.