एन्कोडिंग सांगायला काय जाते?

जपानी मजकुराची फाइल पाठवताना ती कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटच्या आकड्यांत मांडण्याच्या कोणत्या रीतीत, आहे हे एका ओळीत कळवण्याचे कष्ट आजही बहुतेक जण घेत नाहीत, याचा मला मनस्वी संताप येतो. भाषांतरासाठी आलेली सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी मजकूर-फाइल, उघडावी तर पडदाभर अगम्य चिन्हांचा खच दिसतो आणि विचारणा करावी तर ‘आमच्याकडे नीट दिसते’ हे ठरलेले उत्तर येते. तुमच्याकडे नीट दिसणारच, कारण तुमच्या जपानी विंडोजवरचे बरेच प्रोग्रॅम शिफ्ट-जिस हे जुने जपानी एन्कोडिंग गृहीत धरून चालतात. पण फाइल तुमच्या टेबलावर राहणार नसून दुसऱ्याच्या संगणकावर जाणार आहे, एवढा विचार करायला काय हरकत आहे?

या गोंधळाला इतिहास आहे, हे मान्य. कांजींचे, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांचे, संगणकासाठीचे जपानी प्रमाण १९७८ साली ठरले, पण ती अक्षरे बाइटमध्ये मांडण्याच्या रीती वेगवेगळ्या रूढ झाल्या: घरगुती संगणकांवर शिफ्ट-जिस, युनिक्सवर ईयूसी आणि ईमेलसाठी सात बिटांचे आयएसओ-२०२२-जेपी. तेव्हा नाइलाज होता. सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती मात्र १९९१ सालची आणि ते क्रमांक बाइटमध्ये मांडणारे यूटीएफ-८ १९९२ सालचे आहे, मग आजही हे का सोसायचे?

शिफ्ट-जिसचा सर्वांत चीड आणणारा दोष पाहा. त्यात काताकाना या जपानी लिपीतल्या ‘सो’चे दोन बाइट (सोळा-आधारी आकड्यांत) ८३ आणि ५सी असे आहेत, आणि ५सी म्हणजे आस्की या मूळ इंग्रजी अक्षरसंचातला नेमका बॅकस्लॅश, ही उलटी तिरपी रेघ. जो प्रोग्रॅम मजकूर एकेक बाइट करून वाचतो, तो या ५सीला नियंत्रणचिन्ह समजून गिळतो, उरलेला ८३ पुढच्या बाइटशी जुळतो आणि तिथून पुढची अक्षरे बिघडत जातात. ‘सोफुतो’, म्हणजे सॉफ्टवेअर, हा शब्दच ‘सो’ने सुरू होतो, ‘ह्योजी’ (दर्शवणे) आणि ‘कानो’ (शक्य) या रोजच्या शब्दांतल्या कांजींचीही तीच गत आहे. ही अडचण दशकानुदशके माहीत असूनही जुने प्रोग्रॅम तसेच वापरात ठेवले जातात, याला बेपर्वाईच म्हणावे लागेल.

दुकानाच्या वेळा लिहिताना ‘दहा ते सहा’ यातल्या ‘ते’साठी वापरतात त्या नागमोडी रेघेलाही विंडोज एक युनिकोड क्रमांक देते आणि जपानी प्रमाणानुसार चालणारे रूपांतर दुसराच देते. दिसायला रेघ तीच, पण शोधली की सापडत नाही.

तरीही माझा खरा राग माणसांच्या नावांवरून आहे. योशिदा आडनावातली ‘योशि’ काही घराण्यांत वेगळ्या वळणाने लिहितात आणि ते अक्षर शिफ्ट-जिसमध्ये नाहीच, त्यामुळे यूटीएफ-८मधली यादी कोणी शिफ्ट-जिसमध्ये जतन केली की त्या जागी निमूटपणे प्रश्नचिन्ह बसते. कोणाचे आडनाव पुसले गेले याची साधी नोंदही राहत नाही. मूळ फाइल मागावी, तर पुन्हा तीच बिघडलेली प्रत पाठवली जाते.